ते हळकुंड

"अरे वा! मुलगा आहे!" हे शब्द माझ्या तोंडून गेले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. श्रीखंडाचा धुऊन ठेवलेला पारदर्शक डबा, त्यात चार महिन्यांचं लेपर्ड गेकोचं, म्हणजे एका जातीच्या पाळीव पालीचं, पिल्लू, आणि ओट्याशी उभ्या आम्ही दोघी मायलेकी. डबा डोक्याच्या वर धरून, खालून मोबाइलचा टॉर्च मारून आम्ही त्याचं पोट बघत होतो. दहा वर्षांच्या माझ्या लेकीच्या हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं. मागच्या दोन मांड्यांच्या मध्ये, शेपटी सुरू होते त्याच्या जरा वर, खवल्यांची एक ओळ दिसत होती, छपराच्या दोन पाख्यांसारखी, टोक डोक्याकडे. त्या ओळीतल्या एकेका खवल्यात सुईनं टोचल्यासारखा ठिपका होता. असे ठिपके दिसले की नर, एवढं मी वाचलेलं होतं, म्हणून म्हणाले. लेकीनं भिंग खाली घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, तुला एवढा आनंद का झाला?"

"अगं, चार महिने वाट बघतोय ना आपण, कळलं एकदाचं म्हणून," असं काहीतरी मी म्हणाले. तिनं मान हलवली, पिल्लाला अलगद उचलून त्याच्या काचेच्या घरात ठेवलं आणि झोपायला गेली. मी मात्र डबा घासत बराच वेळ उभी राहिले.

त्या 'अरे वा'चा सूर माझ्या ओळखीचा होता. १९८६ साली, मी चार वर्षांची असताना, आजोबा सासवडहून दवाखान्यातून घरी आले. आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं, जेजुरीच्या अलीकडचं. ते ओसरीची पायरी चढायच्या आत आत्यानं विचारलं, "काय?" आजोबांनी तोंडानं काहीच सांगितलं नाही, पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून तिच्या हातावर ठेवला. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, नाहीतर नुसतीच साखर. आत्या म्हणाली, "अरे वा! मुलगा!" तीन मुलींवर झालेला मुलगा. माझ्या कानात राहिलेला सगळ्यात जुना आवाज बहुधा तोच आहे. ओसरीवरचं ऊन आठवत नाही, आजोबांचा चेहरा नीट आठवत नाही, पण त्या 'वा'वरचा हेल आजही जसाच्या तसा लावून दाखवता येईल. आणि अडतीस वर्षांनी, टेक्सासमधल्या स्वयंपाकघरात, एका पालीच्या पोटाखाली टॉर्च धरून मी तो नेमका लावला.

त्या तीन मुलींतली मी तिसरी. माझ्या वेळी काय वाटलं होतं, हे मी आईला कधी विचारलं नाही. थोरल्या बहिणीनं एकदा सांगितलं, की काही वाटलं नव्हतं, आणि डिंकाचे लाडूही झाले नव्हते. आई तेव्हा माहेरी गेली नव्हती, सासरीच होती. आजीनं डिंक आणलाच नाही. तिसऱ्या मुलीला कसले लाडू, एवढंच बोलणं झालं म्हणे. आजी दुष्ट नव्हती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी कितीतरी दुपारी झोपले आहे, तिच्या नऊवारीचा तंबाखू आणि कापूर यांचा वास मला अजून कुठेही ओळखता येईल. तरीही डिंक आणला नाही तो नाहीच, आणि या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसून असतात.

आता हळकुंडाविषयी, म्हणजे त्या डब्यातल्या पिल्लाविषयी. ते आमच्याकडे आलं ऑस्टिनच्या बाहेर, एका मोठ्या हॉलमध्ये भरलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाजारातून. लेकीनं वर्षभर हट्ट धरला होता. लांबच लांब टेबलं, त्यांवर झाकणांचे छोटे प्लॅस्टिकचे डबे, हॉटेलवाले चटणी बांधून देतात तसले, आणि एकेका डब्यात ओलसर कागदावर एकेक पिल्लू. हवेत रातकिड्यांचा आणि भिजलेल्या नारळाच्या भुश्शाचा वास. एका पांढऱ्या दाढीच्या माणसाच्या टेबलापाशी लेक थांबली ती हललीच नाही. डब्यात बोटाएवढं पिल्लू होतं. अंगावर आळीपाळीनं पिवळे आणि काळे जाड पट्टे, आणि शेपटीवर कडी चढवल्यासारखी वळी. लग्नात हळद दळायला काढलेल्या हळकुंडावर असतात ना, अगदी तशी. नाव तिथेच ठरलं. जेजुरीच्या पायथ्याशी वाढलेल्या बाईला पिवळं काही दिसलं की हळदच आठवणार.

झाकणावर मार्करनं अंड्यातून बाहेर आल्याची तारीख लिहिली होती आणि खाली तीन अक्षरं: टीएसएफ. मी विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, तापमानावरून ठरवलेली मादी. मी म्हटलं, म्हणजे मादी आहे? त्यावर त्यानं जे उत्तर दिलं ते मला फार आवडलं. म्हणाला, असावी. अंडं मी त्या तापमानाला ठेवलं होतं. खात्री पाहिजे असेल तर पाच-सहा महिने थांबा, तिचं अंगच सांगेल.

माणसाचं मूल मुलगा होणार की मुलगी, हे बीज जुळतं त्या क्षणी गुणसूत्रांनी ठरलेलं असतं. लेपर्ड गेकोत लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. मादी एका वेळी दोन अंडी घालते, ओलसर मातीत पुरते आणि निघून जाते. पुढचं काम मातीच्या उबेचं. उबवणीच्या पहिल्या काही आठवड्यांत अंड्याला साधारण २६ अंशांची ऊब मिळाली तर जवळजवळ सगळ्या माद्या निपजतात. ३० च्या आसपास दोन्ही मिसळ. ३२-३३ अंशांना बहुतेक नर. यापुढे ऊब वाढवत नेली तर नरच नर होतील, असं आपल्याला वाटेल, पण ३४-३५ ला पुन्हा बहुतेक माद्या. गारव्यालाही मादी, तापल्यावरही मादी, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात नर. सरड्यांमध्ये ऊब अशी लिंग ठरवते, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मादलेन शार्निए या बाईंच्या, १९६६ साली, सेनेगलमध्ये, आगामा सरड्यांची अंडी उबवताना. लेपर्ड गेकोंवरचं एक फार महत्त्वाचं काम तर आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या आवारात झालं. डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलं, की अंड्याच्या उबेनं नुसतं लिंग ठरत नाही, मोठेपणीचं वागणंही त्या उबेचा माग धरून येतं. जास्त उबेच्या अंड्यातून आलेली मादी गार अंड्यातल्या मादीपेक्षा जास्त भांडखोर निघते आणि नरांना कमी आकर्षित करते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते. बाहेर टेक्सासचा जुलै होता, ४० अंश. मला आमच्या घरातल्या बायका आठवल्या. कोण कुठल्या उबेत वाढली, कोणाला किती ताप सहन करावा लागला, आणि मग 'ही फार तोंडाळ' म्हणून कोणाला नावं ठेवली गेली.

दाढीवाल्याकडे उबवणीच्या दोन पेट्या होत्या. एकीचा काटा कमी, एकीचा जास्त. कमी काट्याच्या पेटीत जास्त अंडी, कारण पैदास करणाऱ्याला एक नर चार-पाच माद्यांना पुरतो. बाजारात मादीला मागणी. हे मी त्या रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आई अजून गावी राहते, भावाकडे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यात नवल काय? गाईला कालवड व्हावी, म्हशीला रेडी व्हावी, असंच म्हणतो की आपण. सुनेचं तेवढं वेगळं." आणि लगेच भाजीला फोडणी द्यायला उठून गेली. मी स्क्रीनवरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. गोठ्यात रेडकू झालं की आजोबांचा चेहरा पडायचा, हे मी विसरलेच होते. त्याला दूधही पोटभर सोडायचे नाहीत.

पहिले चार महिने आम्ही हळकुंडाला 'ते' म्हणत होतो. मराठीची ही सोय मला परदेशात आल्यावरच खरी कळली. पिल्लू ते, बाळ ते, मूल ते, लेकरू ते. कोण आहे हे ठरायच्या आधी आपल्या भाषेत एक जागा आहे, जिथे जीव नुसता जीव म्हणून राहू शकतो. पाल मात्र कायमची ती आणि सरडा कायमचा तो. भिंतीवरच्या पालींत नर नसतात का? असतात. पण "पाल आला" असं कोणी म्हणायचं नाही. माझी लेक इथेच जन्मलेली, तिच्या मराठीत लिंगं इकडची तिकडे होतात. माझा बॅग, ती उंदीर, तो वही. मी सुधारत राहते आणि ती वैतागून विचारते, "पण वहीला कोण सांगतं ती मुलगी आहे म्हणून?" हळकुंडाच्या बाबतीत मात्र ती कधी चुकली नाही. ते झोपलं, ते बाहेर आलं, त्यानं कातडी काढली. कात टाकायच्या आदल्या दिवशी त्याचा रंग फिका, दुधाळ व्हायचा, जसं कोणी अंगावर तांदळाचं पीठ चाळलंय. मग रात्री ते तोंडानं पायांवरची कात ओढून काढायचं, हातमोजा काढावा तशी बोट बोट सोडवत, आणि खाऊन टाकायचं. सकाळी पाहावं तर नवं कोरं, पिवळंधमक.

त्याचे डोळे मिटतात. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेनं डोळे पुसते. लेपर्ड गेकोला खरोखरीच्या पापण्या असतात. दुपारी दगडाखालच्या उबेत ते डोळे मिटून पडलेलं असायचं आणि ओठांच्या कोपऱ्यांची ठेवणच अशी, की झोपेत हसतंय असं वाटावं. त्याला भिंतीवर चढता येत नाही, बोटांना ती चिकट गादी नाही. चारी पायांवर उभं राहून, शेपूट जमिनीला टेकवत, ते एखाद्या म्हाताऱ्या वाघासारखं चालायचं. रातकिडा दिसला की सगळं अंग थांबायचं आणि फक्त शेपटीचं टोक सावकाश डोलायचं. रातकिडे द्यायच्या आधी आम्ही पिशवीत कॅल्शियमची पूड घालून हलवायचो, बांगडा रव्यात घोळवतो तसे. ही पूड चुकली तर हाडं मऊ पडतात. जेवण झालं की हळकुंड ओठांवरून गुलाबी जीभ फिरवायचं, आणि लेक म्हणायची, "आजीसारखं." आई श्रीखंड खाऊन झाल्यावर अगदी तसंच करते.

घरात नवा पाहुणा आला की पहिला प्रश्न कुठला, ते मला माहीत आहे. तो मीही विचारला होता. पण त्या चार महिन्यांत जो कोणी बघायला आला, शेजारचा म्हातारा, मंडळातल्या मैत्रिणी, लेकीच्या वर्गातली मुलं, सगळ्यांनी तोच विचारला. आणि "माहीत नाही अजून" म्हटलं की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक अर्धवट भाव यायचा, जसं त्यांना पिल्लू दिसलंच नाही. मैत्रिणींपैकी एक तर म्हणाली, "मग नाव कसं ठेवलंत?"

मला २०१४ मधली ती सकाळ आठवते. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी. अंधारी खोली, पोटावर गार जेल, आणि ती तरुण मुलगी पडद्याकडे बघत सहज म्हणाली, "कळून घ्यायचंय का तुम्हाला?" मी पुण्यात नोकरी करत असताना मैत्रिणीबरोबर, बहिणीबरोबर कितीतरी सोनोग्राफी केंद्रांत बसले होते. त्या प्रत्येक भिंतीवर लावलेली पाटी माझ्या डोळ्यांवर छापलेली: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे. जो प्रश्न विचारला तर तिकडे तुरुंग, तो इथे हसत हसत, भेटवस्तू द्यावी तसा विचारला जात होता. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळून घ्यायचं होतं, मला दिसत होतं. मी नको म्हटलं. तेव्हा मी त्याला सांगितलं, की जन्माच्या वेळीच कळू दे, त्यात मजा आहे. खरं कारण मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मला माझ्या चेहऱ्याची भीती वाटली होती. ती 'मुलगी' असं म्हणाली असती तर त्या अर्ध्या क्षणात माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असतं, हे मला माहीत नव्हतं, आणि नवऱ्यानं ते बघावं असं वाटत नव्हतं. तिसऱ्या मुलीनं अशी भीती बाळगावी, ही गोष्ट मला तेव्हाही समजली नाही.

लेक झाली तेव्हा मी रडले, ते सगळं आनंदाचं रडणं होतं. आईला फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "डिंक इथूनच आणते, तिकडे चांगला मिळायचा नाही." दीड महिन्यानं ती आली तेव्हा तिच्या बॅगेत साड्या दोन आणि लाडूंचे डबे चार होते.

महाराष्ट्रानं गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला तो १९८८ साली, देशात सगळ्यात आधी. 'नेचर'मधला तो गेकोंवरचा लेख आला त्याच वर्षी. हे दोन्ही १९८८ माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसले आहेत. एका प्रयोगशाळेत माणसं अंड्याच्या उबेवर लिंग कसं ठरतं ते समजून घेत होती, आणि माझ्या मुलखात माणसं गर्भातलं पाणी तपासून मुली काढून टाकत होती. आता थोडे खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती तेव्हा उघड लागत. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या, एकट्या बीड जिल्ह्यात ८०७. माझ्या शाळेत, माझ्याच बाकावर, नकुशी नावाची मुलगी होती. नको होती म्हणून नकुशी. आम्ही तिला बिनदिक्कत त्या नावानं हाका मारायचो, त्या नावाचा अर्थ माहीत असूनही. २०११ च्या ऑक्टोबरात शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रशासनानं २८५ नकुशींना समारंभानं नवी नावं दिली, तेव्हा मी त्या बातमीतले फोटो मोठे करून बघितले होते. आमची नकुशी तेव्हा तिशीला आली असणार. तिचं नाव कोणी बदललं का, मला कळायला मार्ग नाही.

लिहिता लिहिता मी फार लांब आले. पण हळकुंडाच्या पोटाखाली तो टॉर्च धरला तेव्हा हे सगळं त्याच उजेडात होतं.

आईनं व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा हळकुंड बघितलं तेव्हा ती दचकली होती. "अगं, ही तर आपल्या माळावरची!" म्हणाली. मग मलाही आठवलं. मी सहावी-सातवीत असेन. पहिला पाऊस पडून गेल्यावर रात्री कोणीतरी खळ्यावर ओरडलं. कंदिलाच्या उजेडात दगडांच्या ताटीजवळ एक जाड, पट्ट्यापट्ट्यांची, मोठ्या डोळ्यांची पाल चारी पायांवर उभी होती. पळत नव्हती, कंदिलाकडे बघत होती. काकांनी काठीनं ठेचली. हिनं फुंकर घातली तरी माणूस मरतो, असं सगळे म्हणाले. महाराष्ट्र-गुजरातच्या कोरड्या, खडकाळ भागात लेपर्ड गेकोची आपली स्वतःची जात आहे, युब्लेफारिस फस्कस. आधी ती पाकिस्तान-अफगाणिस्तानकडच्या लेपर्ड गेकोचीच पोटजात समजत, आता वेगळी जात मानतात, अंगानं जास्त भरदार. बाजारात मिळणारी हळकुंडं त्या तिकडच्या जातीची, पिढ्यान् पिढ्या माणसांच्या घरात वाढलेली. आपल्या माळावरचीला कोणी पाळू नये, ती वन्यजीव, तिचं घर म्हणजे तो माळ. तिच्यात विष अजिबात नसतं. मला ते आता माहीत आहे. त्या रात्री कंदील माझ्या हातात होता.

ती नर होती की मादी, हे कोणी विचारलं नाही. पाल, म्हणजे ती.

हळकुंड साडेपाच महिन्यांचं असताना आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. खरं तर मला कधीपासून शंका होती. 'मुलगा आहे' म्हणाले त्याच रात्री डबा घासताना मनात पाल चुकचुकली होती, की ठिपके दिसले, पण ते भरलेले नव्हते. डॉक्टरांनी त्याला तळहातावर उताणं न करता, पारदर्शक पेल्यातच खालून बघितलं. उताणं केलं की हा प्राणी घाबरतो, आणि फारच घाबरला तर शेपूट टाकतो. ती नवी येते, पण बोथट, कांद्यासारखी येते, आणि तिच्यात साठवलेली चरबी वाया जाते ती वेगळीच. डॉक्टर सावकाश बोलत होते, लेकीला उद्देशून. हे खड्डे दोघांनाही असतात, म्हणाले. नराचे खोल असतात आणि त्यांत पिवळसर, मेणासारखं काही भरलेलं असतं, बोट लावलं तर खरखरीत लागतं. त्या ओळीच्या खाली, शेपटीच्या मुळाशी, नराला शेजारी शेजारी दोन फुगवटे येतात, दोन वाटाणे ठेवल्यासारखे. डोकं रुंद होतं, मान जाड होते. याचे खड्डे उथळ आहेत, मेण नाही, फुगवटे नाहीत. पण वजन अजून २८ ग्रॅम आहे. काही नर उशिरा भरतात. मी आज सांगणार नाही. आणि ते हसून म्हणाले, घाई कसली आहे?

घाई एकाच गोष्टीची होती. लेकीला हळकुंडासाठी सोबत आणायची होती. दोन नर एका घरात ठेवले तर एकमेकांना फाडतात, नर-मादी ठेवले तर अंड्यांवर अंडी होऊन मादी खंगते, आणि दोन माद्यांतही एक दुसरीला उबेच्या जागेवरून हुसकून लावते. म्हणजे कुठूनही बघितलं तरी उत्तर एकच, याला एकट्यानं राहायला आवडतं. हे डॉक्टरांनी सांगितल्यावर लेक थोडा वेळ हिरमुसली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मग आपण परत 'ते' म्हणूया?" मधले सहा आठवडे आम्ही हळकुंडाला 'तो' म्हणत होतो. माझ्या एका वाक्यावर. त्या सहा आठवड्यांत मला जाणवलं होतं, की 'तो' म्हणायला लागल्यापासून मी त्याच्याविषयी वेगळं बोलते. "दादागिरी करतोय बघ." "भूक मोठी आहे गड्याची." पिल्लू तेच, रातकिडे तेवढेच.

पुढे उन्हाळा आला. हळकुंडाचे पट्टे तुटत तुटत त्यांचे ठिपके झाले. हळकुंडासारखी शेपूट भरून, वळ्या जाऊन, गाजरासारखी झाली. आम्ही दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचो आणि लेक वहीत लिहायची. ३३. ३७. ४१. नवव्या महिन्यात ते रातकिड्यांकडे तोंड फिरवू लागलं. रात्रभर ओलसर शेवाळाच्या डब्यात उकरत राहायचं, त्या उकरण्याचा खरखर आवाज मला झोपेत ऐकू यायचा. तिसऱ्या रात्री मी आणि लेकीनं पुन्हा तो श्रीखंडाचा डबा काढला.

टॉर्चच्या उजेडात पोटाची कातडी पातळ, गुलाबी दिसत होती, आणि तिच्या आत, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोन लांबट पांढरे आकार. काजू भिजवून सोललेले असावेत तसे. इतके स्पष्ट की एकाच्या टोकावर आडवी गेलेली एक निळसर शीर दिसत होती. हळकुंडाचा श्वास चालला होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर ते दोन्ही किंचित सरकत होते. नराशी गाठ पडली नाही तरी मादी अंडी धरते, त्यातून काही व्हायचं नसतं, पण अंगातलं कॅल्शियम जायचं तेवढं जातंच. झाकणावरची ती तीन अक्षरं बरोबर होती. त्या माणसाची 'असावी' खरी ठरली.

मी मान वळवली तर लेक डब्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. किती वेळ, कोण जाणे. तिच्या हातातलं भिंग तिनं छातीशी धरलं होतं. त्या चार महिन्यांपूर्वीच्या रात्रीचा प्रश्न तिनं जपून ठेवला होता, हे मला तिच्या नजरेत दिसलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं, मला सांगता येणार नाही. मला फक्त घशात काहीतरी दाटल्यासारखं झालं होतं.

"दोन आहेत," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "मी मोजली."

पहाटे पाचला अंडी झाली. शेवाळात अर्धी पुरलेली, मऊ, जराशी पिवळट, एक तर लगेच खपाटीला गेलेलं. लेकीला आशा होती, म्हणून मी अंड्याखाली टॉर्च धरून दाखवला. फळलेल्या अंड्यात लालसर शिरांचं वर्तुळ दिसतं. आमच्या अंड्यांत नुसता पिवळा उजेड होता. हळकुंड दगडाखाली पडलं होतं, पडली होती. पोट आत गेलेलं, कमरेची हाडं वर आलेली, कातडी सैल लोंबत होती. काट्यावर आदल्या आठवड्यापेक्षा सहा ग्रॅम कमी.

तिकडे दुपार होती. आईला फोन लावला, कॅमेरा दगडाकडे वळवला आणि सगळं सांगितलं. आईनं चष्मा पुसून पुन्हा घातला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आली. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का तिनं?"

नाही म्हटलं.

"अगं, मग बोलत काय बसलीस? अंडी जगोत न जगोत, बाळंतीण आहे ती. ते कॅल्शियम का काय असतं तुमचं, ते जरा जास्त घाल. आणि उजेड बंद कर आधी, डोळ्यांवर येतोय तिच्या."

मी दिवा मालवला. लेकीनं अंधारातच चिमट्यात रातकिडा धरून पिशवीतल्या पुडीत घोळवला, दोनदा, आणि दगडापाशी नेला. शेपटीचं टोक हललं.